अँटिबायोटिक थांबवायचं कुणी?

नवजात बाळाला अतिदक्षता विभागात दाखल केल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू होतं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कमी दिवसांचं बाळ आजारी पडलं की मोठ्या माणसासारखा त्याला ताप चढतोच असं नाही. ते दूध ओढायचं कमी करतं, हातपाय गार पडतात, मधेच श्वास थांबतो, पोट किंचित फुगतं. कधी नुसतं सिस्टर म्हणतात, ‘आज बाळ बरं दिसत नाहीये.’ थंडी लागली, साखर उतरली किंवा फुप्फुसं कच्ची असली तरी हीच लक्षणं दिसतात. आणि जंतुसंसर्ग खराच असेल, तर सकाळी सुस्त वाटलेलं बाळ संध्याकाळपर्यंत हातचं जाऊ शकतं. तेव्हा कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहण्याच्या तपासणीसाठी, रक्त घ्यायचं आणि अहवालाची वाट न पाहता पहिलं इंजेक्शन द्यायचं, हे बरोबरच आहे.

माझं म्हणणं आहे ते दोन दिवसांनंतरच्या राउंडबद्दल. कल्चरचा अहवाल आलेला असतो, जंतूंची वाढ नाही. बाळ दूध पचवतंय, श्वास सुधारलाय, ऑक्सिजन उतरवत आणलाय. इथे औषध थांबायला हवं. पुष्कळ ठिकाणी ते थांबत नाही. पाच दिवस, सात दिवस, दहा दिवस चालतं, मधे बदलतं, बहुतेकदा वरच्या पायरीचं होतं, आणि का चालू आहे हे केस पेपरवर कुठेच सापडत नाही. सुरू करायला डॉक्टरांना पूर्ण मुभा असावी. पण कल्चर कोरं, म्हणजे जंतू न सापडता, आल्यानंतर औषध चालू ठेवायचं असेल, तर त्याचं कारण सहीनिशी लिहिणं सक्तीचं करावं, आणि कोणत्या रुग्णालयात बाळांनी किती दिवस अँटिबायोटिकवर काढले, हा आकडा लोकांसमोर यावा. हे डॉक्टरांच्या सदसद्विवेकावर सोडून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं दीड किलोचं एक बाळ डोळ्यांसमोर आणा. हे बाळ कल्पनेतलं आहे, पण त्याचा चार्ट या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. जन्मल्यावर श्वासाचा त्रास, म्हणून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अमिकासिन ही अँटिबायोटिक्स. तिसऱ्या दिवशी कल्चर कोरं, पण सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, थोडं वाढलेलं. अवघड बाळंतपणानंतर किंवा नुसत्या श्वासाच्या त्रासानेही सीआरपी वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ‘कव्हर’ वाढवावं, म्हणजे आणखी जंतूंवर मारा व्हावा, म्हणून मेरोपेनेम हे वरच्या पायरीचं अँटिबायोटिक येतं. पाचव्या दिवशी दुसरं कल्चरही कोरं, पण आता एवढं दिलंच आहे तर कोर्स पूर्ण करू. आठव्या दिवशी, इतकी अँटिबायोटिक्स गेली म्हणून बुरशीची भीती, मग बुरशीवरचं फ्लुकोनाझोल. दरम्यान रोजच्या नोंदीत एकच शेरा आहे, ‘सीएसटी’, म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. आहे तेच चालू ठेवा. या अख्ख्या चार्टवर ढळढळीत चूक अशी एकही दाखवता येत नाही. प्रत्येक पायरीला त्या दिवसापुरतं काहीतरी निमित्त आहे. नाही ते एवढंच, की ‘आता हे बंद करायचं का’ हा प्रश्न कुणीही, कधीही विचारलेला नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १२७ नवजात अतिदक्षता विभागांमधल्या ५० हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. बाळांच्या एकूण मुक्कामापैकी किती टक्के दिवस अँटिबायोटिक चालू होतं, एवढंच मोजलं होतं. एका टोकाच्या विभागात हे प्रमाण २.४ टक्के होतं आणि दुसऱ्या टोकाला ९७.१ टक्के. चाळीस पट फरक! ज्यांनी जास्त औषध वापरलं त्यांच्याकडे सिद्ध झालेला जंतुसंसर्ग जास्त होता म्हणावं, तर तसं नव्हतं. त्यांच्याकडे मृत्यू कमी होते, तर तसंही नव्हतं. बाळाच्या आजाराने हा फरक समजावता येत नव्हता. उरते ती त्या त्या विभागाची सवय.

आपल्याकडे हे सांगायला गेलं की अनुभवी बालरोगतज्ज्ञ लगेच म्हणतात, ‘तिकडचे जंतू वेगळे, आमचे वेगळे.’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नीट ऐकून घेतलं पाहिजे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात बाळांचा पाठपुरावा झाला. त्यातून जे दिसलं ते झोप उडवणारं आहे. सापडलेल्या जंतूंपैकी सर्वाधिक, २२ टक्के, ॲसिनेटोबॅक्टर होते, त्याखालोखाल क्लेब्सिएला आणि मग ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. आणि संसर्गाच्या जवळपास दोन तृतीयांश घटना जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतल्या होत्या. पाठ्यपुस्तकं सांगतात की इतक्या लवकर झालेला संसर्ग आईकडून येतो. पण ॲसिनेटोबॅक्टर हा मुळात रुग्णालयात मुक्काम ठोकून बसणारा जंतू. म्हणजे ही बाळं प्रसूतिगृहातून आणि नवजात विभागातूनच आजार घेत होती, असं मानायला जागा आहे.

मेरोपेनेमकडे हात का जातो, हे यावरून कळतं. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा क्वचितच सांगितला जातो. जंतुसंसर्ग असल्याचं निदान १४.३ टक्के बाळांत झालं आणि कल्चरमध्ये जंतू सापडले ते ६.२ टक्क्यांत. निम्म्याहून अधिक निदानं जंतू हाती न लागता झालेली होती. त्यातल्या काहींना संसर्ग खरंच असेल, कल्चर काही दर वेळी अचूक नसतं. पण सगळ्यांनाच होता असं कुणी छातीठोक सांगू शकेल का? जंतू जितके चिवट, तितकी ते खरोखर आहेत की नाहीत याची शहानिशा महत्त्वाची. आपण नेमकं उलटं करतो. चिवट जंतूंच्या भीतीने शहानिशा बाजूला ठेवतो आणि त्या भीतीपोटी दिलेल्या औषधाने जंतू आणखी चिवट करतो.

शहानिशा न होण्याचं एक कारण अगदी साधं आहे. कल्चरसाठी निदान एक मिलिलीटर रक्त लागतं. नऊशे ग्रॅमच्या बाळाच्या हाताची शीर सापडणंच मुश्कील, त्यामुळे रात्रपाळीचा रेसिडेंट डॉक्टर मिळेल तेवढं, अर्धा मिलिलीटर रक्त घेऊन बाटलीत सोडतो. मग अहवाल कोरा आला की राउंडवर कुणीतरी म्हणतंच, ‘सॅम्पल तरी पुरेसं होतं का?’ तपासणीवरचा विश्वास तिथेच उडतो आणि औषध चालू राहतं. काही ठिकाणी तर पहिला डोस गेल्यावर रक्त घेतलं जातं. तालुक्याच्या गावी कल्चरची सोयच नसते, नमुना जिल्ह्याला किंवा खासगी प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत चौथा-पाचवा दिवस उजाडलेला असतो. अशा परिस्थितीत एकट्या डॉक्टरला दोष देणं अन्यायाचं होईल.

भारतासह अकरा देशांतल्या ३,२०४ आजारी नवजात बाळांवरचा एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. या बाळांना मिळून अँटिबायोटिक्सच्या दोनशेहून अधिक वेगवेगळ्या जोड्या दिल्या गेल्या होत्या. आजार एकच, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एकच, ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिनची, आणि प्रत्यक्षात दोनशेहून अधिक रीती. जंतूंचं रूप ठिकाणानुसार बदलतं हे धरलं तरी याला शास्त्र म्हणवत नाही.

‘जास्त दिलं तर नुकसान काय?’ हा समज खोडायला हवा, कारण पालकांच्याच नव्हे, काही डॉक्टरांच्याही मनात तो पक्का बसलेला आहे. इतिहासात एक भयानक उदाहरण आहे. पाणमोट लवकर फुटलेल्या बाळंतपणातून जन्मलेल्या कमी दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल दिलं जाई. १९५९ साली अमेरिकेत डॉक्टरांनी तुलना करून पाहिली, तेव्हा हे औषध मिळालेल्या बाळांमधले मृत्यू काहीही न दिलेल्या बाळांच्या सुमारे तिप्पट निघाले. बाळाच्या कच्च्या यकृताला ते औषध निकामी करून बाहेर टाकता येत नव्हतं. ते अंगात साठत गेलं, बाळं राखाडी पडून गेली. औषध देणाऱ्यांचा हेतू निखळ चांगला होता. त्यांनी काहीच दिलं नसतं, तर त्यातली पुष्कळ बाळं जगली असती.

आजची औषधं इतकी उघड मारक नाहीत, म्हणून त्यांचं नुकसान नजरेत भरत नाही. पण ते मोजलं गेलं आहे. एक किलोहून कमी वजनाच्या पाच हजारांवर बाळांच्या नोंदींवरून २००९ साली असं दिसलं की कल्चर कोरं असूनही सुरुवातीचं अँटिबायोटिक पाच दिवस किंवा त्याहून जास्त चाललेल्या बाळांत आतडं सडण्याचा आजार किंवा मृत्यू यांचा धोका जास्त होता. एकेका वाढीव दिवसाबरोबर तो चढत होता. आतड्यात आईकडून, आईच्या दुधातून वसायला येणाऱ्या उपकारक जंतूंची वसाहत आपण वसण्याआधीच उठवून देतो. मोकळी झालेली जागा मग विभागातले क्लेब्सिएला आणि बुरशी बळकावतात. उलटी होते म्हणून दिल्या जाणाऱ्या रॅनिटिडिनसारख्या औषधांचंही तेच. पोटातलं आम्ल कमी झालं की जंतूंना वाट मोकळी होते, आणि अगदी कमी वजनाच्या बाळांत त्याने संसर्ग वाढल्याचं दिसलेलं आहे.

चुकीच्या डोसबद्दल तर आपण बोलतच नाही. अमिकासिनची १०० मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, दोन मिलिलीटरची असते आणि ५०० मिलिग्रॅमचीही दोनच मिलिलीटरची. एक किलोच्या बाळाचा डोस साधारण १५ मिलिग्रॅम धरा. लहान व्हायलमधून तो ०.३ मिलिलीटर भरावा लागतो, मोठ्या व्हायलमधून ०.०६, म्हणजे एक मिलिलीटरच्या सिरिंजवरच्या सहा बारीक रेघा. म्हणून सिस्टर ते आधी पातळ करतात, मग मोजतात. स्टोअरमधून आज वेगळी व्हायल आली, रात्री तीन वाजता बाळांना ऊब देणाऱ्या दोन वॉर्मरचे अलार्म एकदम वाजले, की एक दशांश चिन्ह इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. या औषधाने मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते. प्रत्येक अनावश्यक डोस म्हणजे असं एक अनावश्यक गणित, शिवाय शिरेतली नळी उघडण्याचा आणखी एक प्रसंग.

खर्चिक जोडऔषधांची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे आयव्हीआयजीचं, इंजेक्शन द्यावं का, यावर ३,४९३ बाळांची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. २०११ साली निष्कर्ष आला की मृत्यू किंवा दोन वर्षांनंतरचं अपंगत्व, कशातच फरक पडत नाही. तरी आजही बाळ गंभीर झालं की ‘एक इंजेक्शन आहे, महाग आहे, देऊन बघायचं का’ असं बाहेर उभ्या असलेल्या बापाला विचारलं जातं. तो काय नाही म्हणणार आहे? तो उधार-उसनवारी करून पैसे आणतो. हा प्रश्न त्याला विचारणंच मला अमानुष वाटतं.

औषध वापरू नका असं माझं म्हणणं नाही, आणि त्याला सर्वांत भक्कम आधार महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ठरलेली लक्षणं दिसली तर त्या बाळाला को-ट्रायमोक्साझोल पाजत आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि पुढे देशाचं धोरण त्यावरून घडलं. तिथे वापरलेली औषधं जुनी आणि स्वस्त होती. त्यांच्याभोवती मात्र शिस्त होती. कोणती लक्षणं दिसली तर सुरू करायचं हे ठरलेलं, डोस ठरलेला, कोर्स ठरलेला, आणि प्रत्येक बाळाची नोंद तपासणारं कुणीतरी ठरलेलं. गडचिरोलीच्या खेड्यातल्या आरोग्यदूताकडून आपण जी नोंद मागितली, ती शहरातल्या एमडी डॉक्टरकडून मागायला का कचरतो?

न थांबवण्यामागे भीती आहे, हे मला मान्य आहे. औषध बंद केलं आणि बाळ गेलं तर नातेवाईक पहिला प्रश्न विचारतील, ‘बंद का केलं?’ औषध चालू असताना गेलं तर ‘आम्ही सगळं केलं’ असं म्हणता येतं. रुग्णालयांवरचे हल्ले पाहिलेल्या पिढीला ही भीती खोटी आहे असं कोण सांगणार? पण लिखित नियम नेमका तिथेच डॉक्टरच्या बाजूने उभा राहतो. अठ्ठेचाळीस तासांनी थांबवणं ही विभागाची ठरलेली रीत असेल, तर थांबवणारा डॉक्टर एकटा पडत नाही. आज चालू ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि थांबवणाऱ्याला स्वतःच्या खांद्यावर सगळं घ्यावं लागतं. हे ओझं उलट बाजूला सरकवायला हवं.

दुसरं कारण मनुष्यबळाचं. एका सिस्टरकडे जास्त बाळं असतील तर दोन बाळांच्या मधे हात धुणं आधी सुटतं. मग विभागात जंतू फिरतो, आणि मग सरसकट सगळ्यांना मेरोपेनेम. हातांची कमतरता औषधाने भरून काढायची ही रीत मला सर्वांत घातक वाटते. कारण तिच्यामुळे प्रशासनाला सिस्टरची रिकामी पदं भरायची घाई राहत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दुसरी वाट दाखवली होती. बाळांच्या आयांना नवजात विभागात आत घ्यायचं, पावडरचं दूध बंद करायचं, बाळाला आईचंच दूध आणि ते नसेल तर दुसऱ्या आईचं. १९८९ साली तिथे आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी उभी राहिली. पुढे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या चाचणीत, जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी कांगारूसारखं ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले आणि जंतुसंसर्गही घटला. २०२१ साली हा निष्कर्ष आला. इतका फायदा करून देणारं एखादं नवं इंजेक्शन निघालं असतं, तर ते एव्हाना प्रत्येक विभागाच्या फ्रिजमध्ये असतं. आईला आत घ्यायला मात्र आपण अजून जागा शोधतोय.

१ जानेवारी २०२४ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, की अँटिबायोटिक लिहिताना नेमकं कारण लिहा. पत्र चांगलं होतं. पण त्यात विनंती होती, तपासणी नव्हती, आणि विनंतीने सवय मोडत नाही.

आकडे जाहीर केले तर डॉक्टर घाबरून गरज असतानाही औषध देणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो हलका नाही. म्हणून अँटिबायोटिकचे दिवस एकटे छापू नयेत. त्या विभागात कोणत्या वजनाची बाळं येतात, कल्चर किती जणांचं घेतलं, किती कल्चरमध्ये जंतू सापडले, किती बाळं गेली, हे शेजारी छापावं. सगळ्यांत जास्त आजारी बाळं घेणाऱ्या मेडिकल कॉलेजची तुलना दहा खाटांच्या नर्सिंग होमशी कुणी करू नये. आणि वापर कमी केला की बाळं दगावतात, असंही दिसलेलं नाही. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनंटे या संस्थेच्या रुग्णालयांनी बाळांच्या जन्माच्या वेळी ठरावीक हिशेबाने धोका मोजून मगच औषध द्यायचं ठरवलं. आधीच्या आणि नंतरच्या मिळून दोन लाखांवर बाळांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत अँटिबायोटिक मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं, आणि त्यापायी संसर्गाने आजारी पडून परतणाऱ्या बाळांची संख्या वाढली नाही. तो हिशेब जसाच्या तसा आपल्याला लागू पडणार नाही, आपले जंतू वेगळे आहेत. आपला हिशेब आपल्याच आकड्यांवरून मांडावा लागेल. ते आकडे जमवण्यापासून तर सुरुवात आहे.

जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागात, दाखल होणाऱ्या बाळांची नोंद ऑनलाइन प्रणालीत आजही होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. मग पहिल्या डोसआधीचं कल्चरही त्यात निरपवाद धरावं, आणि नमुना वेळेत पोचवण्याची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांवर असावी. खासगी रुग्णालयांत जिथे जिथे सरकारी आरोग्य योजनेतून बिल भागवलं जातं, तिथे दाव्यासोबत दोन कागद मागावेत. एक कल्चरचा अहवाल, आणि दुसरा, औषध अठ्ठेचाळीस तासांपुढे गेलं असल्यास त्याचं डॉक्टरांच्या सहीचं कारण. महाराष्ट्राने २०२१ साली नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं आहेच. त्या फलकाशेजारी नवजात विभागाचा तिमाही आकडा लावायला सांगायचं, तर आणखी एका दुरुस्तीचं काम आहे. आरोग्य विभागाने ते या वर्षी हाती घ्यावं, आणि सुरुवात स्वतःच्या एसएनसीयूंचे आकडे छापून करावी.